ऑप्टिप्लेक्स ७९० मध्ये आय७-३७७० चालेल का? जुन्या डेस्कटॉपसाठी प्रोसेसर निवडण्याबाबत

वाचनालय_सेवक (प्रश्न)

नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयात आम्ही काही स्वयंसेवक जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या नियतकालिकांची पाने स्कॅन करून त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम करतो. त्यासाठी वाचनालयाला देणगीदाखल मिळालेला डेल कंपनीचा ऑप्टिप्लेक्स ७९० हा डेस्कटॉप वापरतो. कॅबिनेट उभी आणि मोठ्या आकाराची आहे. प्रोसेसर इंटेल आय३-२१२०, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, आणि विंडोज १० घातलेले आहे.

पाने स्वच्छ आणि सरळ करणे हे काम यंत्र कसेबसे पार पाडते. मात्र टेसरॅक्ट या आज्ञावलीने ओसीआर (पानाच्या चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर बनवणे) सुरू केले की एका अंकाला बराच वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात त्या संगणकावर दुसरे काहीही करता येत नाही. नवा संगणक घेण्याइतका निधी वाचनालयाकडे सध्या नाही. प्रोसेसर बदलून काम भागते का, हे पाहावे, असे कार्यकारिणीत ठरले.

जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने आय७-३७७० सुचवला आहे. "दोन्हींचे सॉकेट ११५५च आहे, डोळे मिटून बसवा," असे त्यांचे म्हणणे आहे. सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा, क्रमांक मी स्वतः पडताळून पाहिला आणि तो खरोखरच जुळतो. तरीही पैसे देण्यापूर्वी जाणकारांना विचारावे, असे वाटले. सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालणार, हे गृहीत धरता येते का? आणि नसेल, तर या यंत्रासाठी योग्य प्रोसेसर कोणता?

जोडणीकार

आय७-३७७० घेऊ नका. तो आपल्या बोर्डावर बसेल, पण चालणार नाही. पंखा फिरेल आणि पडद्यावर काहीही येणार नाही.

कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण हा गोंधळ फार वेळा होतो. एलजीए ११५५ हे सॉकेट इंटेलच्या दोन पिढ्यांनी वापरले. पहिली सॅन्डी ब्रिज, म्हणजे २०११ सालचे, २००० च्या मालिकेतील क्रमांक असलेले, ३२ नॅनोमीटरचे प्रोसेसर. दुसरी आयव्ही ब्रिज, म्हणजे २०१२ सालचे, ३००० च्या मालिकेतील, २२ नॅनोमीटरचे. आपला आय३-२१२० पहिल्या पिढीतला आहे आणि आय७-३७७० दुसऱ्या. पिनांची संख्या आणि खाचा सारख्याच असल्यामुळे दोन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात. परंतु समोर कोणता प्रोसेसर आला आहे हे ओळखून त्याला जागे करण्याचे काम बायोसचे (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डावरील आज्ञावलीचे) असते, आणि बायोसला जर त्या प्रोसेसरची ओळखच नसेल तर यंत्र सुरू होत नाही.

आता प्रश्न चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांची सांगड घालणाऱ्या बोर्डावरील चिपचा. सॅन्डी ब्रिजच्या सोबत आलेल्या ६ मालिकेतील चिपसेटांपैकी एच६१, एच६७, पी६७ आणि झेड६८ यांच्यावर बायोस अद्ययावत करून आयव्ही ब्रिज चालवता येईल, असे इंटेलने सांगितले होते. मात्र कार्यालयीन यंत्रांसाठी असलेले क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ हे तीन चिपसेट त्यातून वगळले होते. ऑप्टिप्लेक्स ७९० मध्ये क्यू६५ आहे. आयव्ही ब्रिजसाठी बायोसमधील मॅनेजमेंट इंजिन या अंतर्गत फर्मवेअरची आठवी आवृत्ती लागते आणि या यंत्रांत सातवी असते. त्यामुळे बायोस कितीही नवा केला तरी गाडी तिथेच अडते.

चिपसेट अनुकूल असला तरीही संगणक बनवणाऱ्या कंपनीने त्याप्रमाणे बायोस दिला पाहिजे, ही आणखी एक पायरी आहे. डेलचेच ३९० आणि ३०१० ही दोन्ही यंत्रे एच६१ चिपसेटवरची आहेत. पण तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर डेलने ३०१० सोबत दिले, ३९० सोबत नाही. म्हणून कंपनीच्या यंत्रासाठी प्रोसेसर शोधताना इंटेलच्या तक्त्यापेक्षा त्या यंत्राच्या मूळ माहितीपुस्तिकेतील यादी महत्त्वाची मानावी. त्या मॉडेलसोबत कारखान्यातून जे प्रोसेसर मिळत होते, तेवढेच डोळे मिटून बसवण्यासारखे असतात.

आता या मर्यादेने आपले नुकसान किती होते ते पाहू. ७९० सोबत आय५-२४००, आय५-२५०० आणि आय७-२६०० मिळत असत. आय७-२६०० मध्ये चार कोर (स्वतंत्र गणनाकेंद्रे), आठ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे), ८ एमबी कॅशे (प्रोसेसरमधील जलद स्मृती) आणि ३.४ गिगाहर्ट्झचा मूळ वेग आहे. आय७-३७७० मध्येही चार कोर, आठ थ्रेड, ८ एमबी कॅशे आणि मूळ वेग ३.४ च आहे. टर्बो वेग (गरजेनुसार गाठता येणारा कमाल वेग) ३.८ ऐवजी ३.९ होतो. आयव्ही ब्रिजला वीज कमी लागते (९५ ऐवजी ७७ वॅट) आणि त्याच वेगाला तो थोडे अधिक काम उरकतो, हे खरे. पण ओसीआरसारख्या कामात तो फरक आपल्याला घड्याळ लावून मोजावा लागेल. म्हणजे जो प्रोसेसर चालणारच नाही त्याच्या मागे लागण्याचे कारणही उरत नाही.

निर्णय घेण्यापूर्वी एक करा. ओसीआर चालू असताना टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांपैकी नेमके काय शंभर टक्क्यांच्या आसपास जाते ते पाहा, आणि पाने स्वच्छ करण्याचे काम चालू असतानाही तेच पाहा. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क पाहता मला निम्मा संशय तिकडेच आहे.

पाटावरचा_संगणक

माझ्याकडे ऑप्टिप्लेक्सच आहे आणि त्यात आय७-३७७० गेली काही वर्षे उत्तम चालतो आहे. कॅबिनेटही उभी, काळी, मोठीच आहे. त्यामुळे वरील उत्तर जरा जास्तच सावध वाटले.

जोडणीकार

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा क्रमांक कृपया पाहून सांगाल का? माझा अंदाज आहे की तो ७०१० असावा.

पाटावरचा_संगणक

होय, ७०१० आहे.

जोडणीकार

मग बरोबर आहे. ७०१० हे २०१२ सालचे, क्यू७७ चिपसेटचे यंत्र आहे आणि आय७-३७७० त्याच्यासोबत कारखान्यातूनच मिळत असे. ७९० आणि ७०१० यांच्या कॅबिनेट इतक्या सारख्या दिसतात, की जुन्या बाजारात अनेकांची गल्लत होते, आणि प्रस्तुत दुकानदाराचीही तशीच झाली असावी. पिनांची संख्या सारखी असूनही न जुळणारी जोडी ही काही एकच नाही. इंटेलच्याच २०१५ सालच्या स्कायलेक या पिढीचे सॉकेटही ११५१ आणि २०१७ च्या अखेरीस आलेल्या कॉफी लेकचेही ११५१. पण कॉफी लेकला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. सॉकेटचा क्रमांक जुळला नाही तर प्रोसेसर नक्की चालत नाही. जुळला तर पुढची चौकशी सुरू करायची, इतकाच त्याचा अर्थ.

अक्षरजुळणी

मी हार्डवेअरमधला नाही, पण मराठी ओसीआरचे काम मीही करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. प्रोसेसरवर एक रुपयाही खर्च करण्याआधी टेसरॅक्टच्या मांडणीत दोन गोष्टी तपासाव्यात, अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट भाषेच्या फाइलीची. मराठीसाठी टेसरॅक्टच्या प्रशिक्षित फाइली वेगवेगळ्या संचांत मिळतात. त्यांतील 'बेस्ट' नावाचा संच अधिक अचूक पण संथ असतो आणि 'फास्ट' नावाचा संच पूर्णांकी गणित वापरत असल्यामुळे बराच वेगवान असतो. पुष्कळ जण नावाला भुलून पहिला संच उतरवून घेतात. आपल्या अंकांतील छपाई स्वच्छ असेल, तर एखादे पान दोन्ही संचांनी काढून चुका मोजा. माझ्या अनुभवात खिळ्यांच्या जुन्या छपाईत, जिथे जोडाक्षरांचे खिळे झिजलेले असतात आणि र्‍हस्वदीर्घ वेलांट्या तुटलेल्या असतात, तिथे संथ संचाचा उपयोग होतो; ऑफसेटवर छापलेल्या पुढच्या काळातील अंकांना वेगवान संच पुरतो. पाने ३०० डीपीआयला (दर इंचात ३०० ठिपके) स्कॅन केलेली असावीत, हे आपल्याला ठाऊक असेलच. पण ६०० डीपीआयची रंगीत पाने तशीच ओसीआरला दिली जात असतील तर वेळ तिथेही खर्च होतो.

दुसरी गोष्ट थ्रेडची, आणि प्रोसेसरच्या निवडीशी तिचा थेट संबंध आहे. टेसरॅक्टची चौथी आणि त्यानंतरची आवृत्ती एकाच पानासाठी एकाहून अधिक थ्रेड वापरण्याचा प्रयत्न करते, पण ती वाटणी फारशी कार्यक्षम नसते. थ्रेड एकमेकांची वाट पाहण्यातच बरीच शक्ती घालवतात आणि टास्क मॅनेजरमध्ये मात्र प्रोसेसर पूर्ण राबताना दिसतो. शेकडो पानांचे काम असेल तर प्रत्येक पानाला एकच थ्रेड द्यावा (त्यासाठी 'ओएमपी थ्रेड लिमिट' या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ असा ठेवतात, त्या नावातील शब्द अंडरस्कोरने जोडलेले असतात) आणि जितके कोर असतील तितकी पाने एकाच वेळी चालवावीत. आपल्या आय३ मध्ये कोर दोनच आहेत. थ्रेड चार दिसतात ते हायपरथ्रेडिंगमुळे, म्हणजे एकाच कोरवर दोन थ्रेड चालवण्याच्या सोयीमुळे. म्हणून आज दोन किंवा तीन पाने एका वेळी चालवून पाहा. याच पद्धतीने चार खरे कोर असलेल्या प्रोसेसरवर एका वेळी चार पाने निघतील, आणि आपल्या कामात प्रोसेसर बदलण्याचा फायदा खऱ्या अर्थाने दिसेल तो तिथे. एकेक पान स्वतंत्र असल्यामुळे या कामाचा वेग कोर वाढतील त्या प्रमाणात वाढतो, असे भाग्य सगळ्या कामांना लाभत नाही.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. टेसरॅक्टचा वेगवान संच प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ ही सूचनामाला (एका आज्ञेत अनेक आकड्यांवर गणित करण्याची सोय) असेल तर तिचा उपयोग करून घेतो. ती इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत २०१३ सालच्या हॅसवेलपासून आली. सॅन्डी ब्रिज आणि आयव्ही ब्रिज या दोन्हींमध्ये ती नाही. त्यामुळे त्या दृष्टीनेही ३७७० घेऊन काही साधले नसते.

वाचनालय_सेवक

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे पाहणी केली.

ओसीआर चालू असताना प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर असतो आणि डिस्क जवळजवळ स्वस्थ असते. पाने सरळ आणि स्वच्छ करताना चित्र उलटे दिसते: रॅम भरून जाते, डिस्क शंभर टक्क्यांवर जाते आणि प्रोसेसर अर्धाही वापरला जात नाही. म्हणजे आपण दोघांनीही वर्तवलेले अंदाज आपापल्या जागी खरे आहेत. भाषेची फाइल आमच्याकडे 'बेस्ट' संचातलीच निघाली. थ्रेडचा बदल केल्यावर आणि दोन पाने एका वेळी चालवल्यावर फरक स्पष्ट जाणवतो आहे. तीन पाने चालवली की रॅम अपुरी पडते आणि सगळेच रखडते.

तेव्हा आता प्रश्न असा आहे, की रॅम आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आधी घ्यावी की प्रोसेसर, आणि प्रोसेसर घ्यायचा तर आय५-२४०० की आय७-२६००? दुकानदाराकडे दोन्ही आहेत. आय७ ची किंमत आय५ च्या दुपटीहून जास्त सांगितली आहे.

तापकीर_गल्ली

माझे मत वेगळे आहे. २०११ सालच्या यंत्रात सुटे सुटे भाग घालत बसणे म्हणजे जुन्या छताला रोज नवे कौल लावत बसणे होय. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, विंडोज ११ ची अधिकृत यादी साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते आणि तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ७९० यांतील कोणत्याच अटीत बसत नाही. पुण्यात तापकीर गल्लीत काय किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय, कार्यालयांतून निघालेली चौथ्या आणि सहाव्या पिढीची यंत्रे सहज मिळतात. ऑप्टिप्लेक्स ९०२० किंवा ३०२० घेतला तर हॅसवेल प्रोसेसर, म्हणजे अक्षरजुळणी यांनी सांगितलेली एव्हीएक्स२ ही सूचनामालाही मिळेल. शिवाय या यंत्रांत डीडीआर३ च रॅम लागते, त्यामुळे आज विकत घेतलेली रॅम आणि एसएसडी उद्या तिकडे हलवता येईल. सहाव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांत डीडीआर४ असते. तिथे रॅम पुन्हा घ्यावी लागेल.

म्हणून माझा सल्ला असा: रॅम आणि एसएसडी आताच घ्या, प्रोसेसरवर काहीही खर्च करू नका, आणि निधी जमला की यंत्रच बदला.

जोडणीकार

तापकीर_गल्ली यांचा मुद्दा रास्त आहे आणि वाचनालयाकडे येत्या काही महिन्यांत पैसे येण्याची शक्यता असेल तर मीही तेच सांगेन. पण आय५-२४०० ची किंमत संपूर्ण यंत्राच्या मानाने किरकोळ असते आणि दोन कोरांचे चार कोर आजच होतात. पहिल्या क्रमांकावर रॅम, दुसऱ्यावर एसएसडी, आणि दोन्ही घेऊन पैसे उरले तर आय५-२४००, असा माझा क्रम राहील. आय७-२६०० ला आठ थ्रेड आहेत, पण आय५ च्या तुलनेत खरे कोर तेवढेच. हायपरथ्रेडिंगने मिळणारा फायदा दुपटीहून जास्त किमतीला साजेसा नाही. तोच पैसा रॅममध्ये घाला.

रॅम घेताना साधी डेस्कटॉपची, विनाईसीसी (चुका दुरुस्त करण्याची जादा सोय नसलेली) डीडीआर३ घ्यावी. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम फार स्वस्त मिळते, पण ती या बोर्डावर चालत नाही. काही ८ जीबीच्या स्वस्त स्टिकवर 'फक्त एएमडीसाठी' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. त्यांतील चिपची रचना इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला मानवत नाही, त्यामुळे त्याही टाळाव्यात. उभ्या कॅबिनेटमध्ये चार स्लॉट आहेत आणि पुस्तिकेप्रमाणे कमाल मर्यादा १६ जीबी आहे. ४ जीबीच्या दोन स्टिक घेऊन ८ जीबी केली तरी एका वेळी चार पाने चालवायला अडचण येऊ नये.

एसएसडी जोडताना पोर्ट पाहून जोडा. क्यू६५ चिपसेटला सहा गिगाबिट वेगाचा साटा (डिस्क जोडण्याचा) पोर्ट एकच असतो, बाकीचे तीन गिगाबिटचे.

प्रोसेसर घेताना दुकानदाराने सांगितलेल्या नावावर न जाता वरच्या धातूच्या झाकणावरील कोरीव अक्षरे स्वतः वाचावीत. आय५-२४०० वर 'एसआर००क्यू' आणि आय७-२६०० वर 'एसआर००बी' असा संकेत असतो (मधली दोन्ही शून्ये आहेत). नावापुढील एका अक्षराने बराच फरक पडतो. एस असेल तर तो ६५ वॅटचा, कमी मूळ वेगाचा असतो, आय५-२४००एस २.५ गिगाहर्ट्झचा आहे. टी असेल तर अधिकच सावध राहावे, कारण आय५-२३९०टी हा आय५ म्हणून विकला जात असला तरी त्यात कोर दोनच आहेत, म्हणजे आपण आज जिथे आहात तिथेच राहाल. पी अक्षर असलेल्या प्रोसेसरांत अंतर्गत ग्राफिक्स नसते आणि आपल्याकडे वेगळे कार्ड नाही, म्हणजे पडद्यावर चित्रच येणार नाही. के अक्षरासाठी जास्त पैसे मोजू नयेत. या चिपसेटवर वेग वाढवता येत नाही. झाकणावर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असे लिहिलेले असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना असतो, तो स्वस्तातही नको.

आता उष्णतेचा भाग, आणि तो दुर्लक्षू नये. आपला आय३ ६५ वॅटचा आहे आणि आय५-२४०० ९५ वॅटचा. ७९० च्या २६५ वॅटच्या एसएमपीएसला (यंत्राला वीज पुरवणाऱ्या भागाला) हे सहज झेपते. प्रश्न हीटसिंकचा, म्हणजे प्रोसेसरवरील उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या भागाचा आहे. कमी वॅटच्या प्रोसेसरसोबत आलेला हीटसिंक बहुधा साधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि ९५ वॅटच्या यंत्रांसोबत तांब्याची नळी असलेला भारी हीटसिंक येत असे. आपल्याकडचा कोणता आहे ते कॅबिनेट उघडून पाहा. साधा असेल तर त्याच दुकानदाराकडे ७९०, ९९० किंवा ७०१० च्या उभ्या कॅबिनेटमधून निघालेला नळीवाला हीटसिंक मिळतो का ते विचारा. बाहेरचा नेहमीचा पंखा घेऊ नका. डेलच्या या बोर्डावर प्रोसेसरच्या पंख्याची जोडणी पाच पिनांची असते आणि चार पिनांचा पंखा लावला तर प्रत्येक वेळी सुरू होताना पंखा बंद असल्याचा इशारा येऊन यंत्र एफ१ दाबण्याची वाट पाहत थांबते.

बसवताना वीजजोडणी काढून पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरा, म्हणजे उरलेला भार निघून जाईल. हीटसिंकचे चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून थोडे थोडे सैल करा. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात आणि त्या अतिशय नाजूक असतात, म्हणून प्रोसेसर सरळ वर उचलावा आणि नवा सरळ खाली ठेवावा. कडेच्या दोन खाचा आणि कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण जुळला की तो आपोआप बसतो, दाबावा लागत नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट पुरते. त्यानंतर ओसीआर अर्धा तास चालू ठेवून तापमान पाहा. ते ऐंशी अंशांच्या पुढे टिकून राहिले तर हीटसिंक नीट बसलेला नाही किंवा कमी पडतो आहे, असे समजावे. वाचनालयात एसी नसेल तर ही तपासणी एप्रिल-मे मध्ये पुन्हा करावी.

अक्षरजुळणी

विंडोजच्या मुद्द्यावर एक भर. हा संगणक मुख्यतः ओसीआरसाठीच असेल तर एसएसडी नवी घालतानाच त्यावर लिनक्स मिंट किंवा डेबियन ही मोफत संचालन प्रणाली घालण्याचा विचार करावा. टेसरॅक्ट आणि त्याची मराठी भाषेची फाइल दोन्ही तिथे थेट त्या प्रणालीच्या ऑनलाइन सॉफ्टवेअर-भांडारातून मिळतात, आणि मूळ यंत्रणेला रॅम कमी लागत असल्यामुळे ती ओसीआरच्या कामी येते. देवनागरी टंकनासाठी इनस्क्रिप्ट मांडणीही उपलब्ध आहे. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून विंडोज तिच्यावर राहू द्यावे, म्हणजे स्कॅनरचा ड्रायव्हर लिनक्सवर न चालल्यास अडचण होणार नाही.

वाचनालय_सेवक

८ जीबी रॅम, एसएसडी आणि आय५-२४०० असे घेण्याचे नक्की केले आहे. कॅबिनेट उघडून पाहिली. आतील हीटसिंक साधा अ‍ॅल्युमिनियमचाच आहे, त्यामुळे नळीवाला शोधायला सांगितले आहे. लिनक्सचा प्रयोग एसएसडीवर करू. शेवटची शंका अशी, की प्रोसेसर बदलल्यावर जुन्या डिस्कवरील विंडोज पुन्हा घालावे लागेल का? आणि यंत्राला पासवर्ड वगैरे काही विचारले जाईल का?

जोडणीकार

विंडोज पुन्हा घालावे लागत नाही. परवान्याची सांगड मुख्यतः मदरबोर्डशी असते आणि तो बदलत नाही. प्रोसेसर बदलल्याचे विंडोज स्वतःच ओळखून घेते.

कॅबिनेट उघडल्यामुळे पहिल्यांदा सुरू करताना झाकण काढले गेल्याची सूचना येऊ शकते. ती बायोसमध्ये चॅसिस इन्ट्रुजन या नावाखाली जाऊन पुसता येते. त्यासाठी बायोस उघडावे लागेल, आणि हे यंत्र देणगीतून आलेले असल्यामुळे आधीच्या कार्यालयाने बायोसला पासवर्ड लावून ठेवला असण्याची शक्यता आहे. म्हणून भाग खरेदी करण्यापूर्वीच एकदा एफ२ दाबून बायोस उघडते का ते पाहून ठेवा. पासवर्ड मागितला तर या बोर्डावर तो काढून टाकण्यासाठी एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो. त्याची जागा डेलच्या पुस्तिकेतील बोर्डाच्या आकृतीत दाखवलेली आहे. यंत्राच्या मागील सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग डेलच्या संकेतस्थळावर घातला की ती पुस्तिका मिळते आणि कारखान्यातून निघताना यंत्रात काय काय होते तेही कळते.